वन्यजीव स्केचिंगची वही पुन्हा पुन्हा बंद पडते? या क्रमाने तपासा

आधी लक्षणं. यातली दोन जरी तुमच्या वहीला लागू पडली, तरी पुढचं तुमच्यासाठी आहे.

- पहिली दहा-बारा पानं तारखांसकट भरलेली, मग चार दिवसांचा खंड, मग पंधरा दिवसांचा, मग कोरी पानं.
- प्रत्येक पानावर एकच अर्धवट प्राणी. डोळा आणि चोच अगदी कोरून काढलेली, पाठ अंधूक, पाय नाहीतच.
- जिवंत प्राणी बघून काही काढल्याला कित्येक महिने झाले. सगळं फोनमधल्या फोटोंवरून चाललंय.
- ‘रविवारी निवांत तासभर बसेन’ हे तीन रविवार नुसतंच ठरतंय.
- जुनी वही अर्धी कोरी असताना नवी वही, नवे रंग घ्यावेसे वाटतात.
- वही उघडली की दडपण येतं आणि ती तशीच मिटली जाते.
- मनगट, अंगठा किंवा मान दुखते. हे असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

हौस म्हणून पक्षी, प्राणी, किडे काढायला लागून मला तेरा वर्षं झाली. एवढ्या काळात माझी वही नऊ-दहा वेळा तरी बंद पडली. बरोबर स्केचिंगला येणाऱ्यांच्या बंद पडलेल्या वह्याही माझ्याकडे येतात. बिघाड बहुतेक वेळा ठरावीक चार-पाच जागांपैकीच एखाद्या जागी सापडतो, त्यामुळे तपासणीचा क्रम आता बसून गेला आहे: आधी फुकट आणि पाच मिनिटांत होणारं, मग चिकाटी मागणारं, शेवटी दुसऱ्याची मदत लागणारं.

सुरुवातीला शेवटची पाच पानं वाचा

बंद पडलेल्या वहीची शेवटची पाच पानं समोर घ्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहा: साधारण किती वेळ लागला, समोर जिवंत प्राणी होता की फोटो, आणि चित्र कशामुळे थांबलं. दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळून थेट उपायाला लागलात तर भलतीच जागा दुरुस्त करत बसाल.

एका मैत्रिणीचं म्हणणं होतं की तिला वेळच मिळत नाही. तिची शेवटची पाच पानं आम्ही दोघींनी मिळून पाहिली. पाचही पानांवर एकच घुबड, एकाच फोटोवरून. पानागणिक खोडरबर जास्त चाललेला. शेवटच्या पानावर डाव्या डोळ्याजवळचा कागद घासून घासून इतका विरला होता की त्यावर पेन्सिलची रेघ फुटत होती. कोपऱ्यातली वेळ तिने स्वतःच लिहिली: दीड तास, दीड तास, दोन तास. वेळ होता, आणि ती तो देतही होती. एका घुबडाने तो सगळा खाल्ला होता. तिची दुरुस्ती खालच्या चौथ्या तपासणीत झाली. वेळापत्रकाला हात लावावा लागला नाही.

१. वही हाताशी आहे का?

ही तपासणी फुकट आहे, म्हणून पहिली. वही आत्ता कुठे आहे ते बघा. कपाटात, पिशवीत, पिशवीच्या आतल्या कप्प्यात? प्राणी तुमच्यासाठी थांबत नाही. खारीने खिडकीच्या कठड्यावर बसून दोन पायांत काहीतरी धरून कुरतडायला सुरुवात केली, की तुमच्याकडे असतात वीस-पंचवीस सेकंद. त्यातले पंधरा चेन उघडण्यात गेले तर उरलं काय?

वही जिथून बाहेर दिसतं त्या खिडकीपाशी ठेवा. पुढचं कोरं पान वर येईल अशी उघडून तिला क्लिप लावा, पेन्सिल त्याच क्लिपमध्ये अडकवा. पेन्सिलला टोक करायचं काम चित्र संपल्यावर करा, सुरू करताना नको. एकदा पाण्याच्या कडेला बगळा मान आखडून उभा होता, मानेची ती घडी मला कित्येक दिवस हवी होती, आणि मी शार्पनर शोधत होते. मान वर केली तेव्हा पाणी होतं, बगळा नव्हता. तेव्हापासून टोक केलेल्या तीन पेन्सिली बरोबर असतात.

२. वहीचीच भीती वाटते आहे का?

जाड, सुंदर, महाग कागदाची वही बंद पडण्याचं प्रमाण माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त आहे. कारण उघड आहे: पान वाया जाईल या भीतीने माणूस हलणाऱ्या प्राण्यावर हातच टाकत नाही. तीनशे जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) जाड कागद जलरंगासाठी लागतो. पेन्सिलच्या किंवा बॉलपेनच्या झटपट स्केचला ९०-१०० जीएसएमचा साधा कागद पुरतो. आकार ए५ ठेवा. एका हाताच्या पंजावर तोलून उभ्याने काढता आलं पाहिजे.

पेन्सिल २बी बरी. फार मऊ शिसं समोरच्या पानावर उमटतं आणि आठवड्याभरात दोन्ही पानं राखाडी होतात. महिनाभर फक्त बॉलपेन वापरून बघा असंही मी सुचवते, कारण मग खोडता येत नाही. चुकलेली रेघ तशीच राहते आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ येते. पुढच्या वेळी हात कुठे चुकतो ते त्या दोन रेघांतून कळतं. खोडलं की ती माहितीच जाते.

३. रोजचं किमान काम किती ठरवलंय?

‘रोज एक चित्र’ असं ठरवलं असेल तर ते आजच बदला. किमान काम इतकं लहान असू दे की तापातून उठलेल्या दिवशीसुद्धा होईल. माझं किमान असं आहे: तारीख, वेळ, हवा कशी आहे ते दोन शब्दांत, आणि एका जिवंत प्राण्याची एक पाठीची रेघ. तीन मिनिटं. बहुतेक दिवशी त्यापुढे हात आपोआप चालतो, पण तो चालला नाही तरी दिवस भरला असं मी मानते.

हे तीन मिनिटांचं काम रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा: सकाळचा चहा, बसची वाट बघणं, मुलांना शाळेत सोडून परतणं. ‘जमेल तेव्हा’ ही वेळ घड्याळात कुठेच नसते.

दिवस चुकला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग काढला होता. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसातला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. आपल्या कामाचा निष्कर्ष वेगळाच आहे: एखादी वेळ चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणावी अशी बाधा आली नाही. म्हणून चुकलेल्या दिवसांची थकबाकी फेडू नका. पाच दिवस गेले म्हणून सहाव्या दिवशी पाच चित्रं काढायला बसणारे सातव्या दिवशी हमखास थांबतात. मी स्वतः दोनदा अशीच थांबले. वहीत पुढच्या पानावर आजची तारीख घाला आणि मधल्या तारखांचा उल्लेखही करू नका.

४. समोर कोण आहे, आणि त्याच्याकडून काय मागताय?

निम्म्याहून अधिक वह्या मी इथेच दुरुस्त केल्या आहेत, त्यामुळे इथे जरा थांबते.

वन्यजीव म्हटलं की डोळ्यांपुढे वाघ, हत्ती, गरुड येतात. ते वर्षातून एकदा दिसले तर सवय वर्षातून एकदाची होईल. कावळा, पारवा, चिमणी, खार, पाल, कोळी, मुंग्यांची रांग हेही वन्यजीवच आहेत आणि ते रोज भेटतात. सुरुवातीला थांबणारे प्राणी निवडा. सरड्याला शरीराची ऊब बाहेरून मिळवावी लागते, म्हणून सकाळी तो उन्हात पसरतो आणि बराच वेळ हलत नाही. पाणकावळा पाण्यातून बाहेर आला की पंख पसरून वाळवत बसतो. बगळा शिकारीसाठी पुतळ्यासारखा उभा राहतो. दिव्याजवळ आलेला पतंग सकाळी भिंतीला चिकटून असतो, आणि गोगलगाय तर घाईत कधीच नसते. चिमणीने सुरुवात केली तर चार दिवसांत निराश व्हाल. चिमणी दुसऱ्या महिन्यात घ्या.

आता मुख्य चूक. माणूस एक प्राणी बघतो, पानाच्या मधोमध डोळ्यापासून सुरुवात करतो, डोळा छान होतो, तेवढ्यात प्राणी वळतो. उरलेलं शरीर मग अंदाजाने. ते जमत नाही, चिडचिड होते, वही मिटते.

याऐवजी एका पानावर सहा-सात जागा सोडा. पारवा समोर आहे असं धरा. पहिली रेघ डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत, एका झटक्यात, तो किती कललाय तेवढंच सांगणारी. तिच्यावर धडाचं अंडं. डोक्याचा गोल. मग धडाच्या मध्यावरून सरळ खाली एक फिकी रेघ सोडा. एका जागी स्थिर उभ्या पक्ष्याची बोटं त्या रेघेच्या आसपासच टेकलेली असतात, नाहीतर तो पडला असता. एवढं दहा सेकंदांत होतं. पारव्याने मान वळवली? ते चित्र तिथेच सोडा आणि शेजारच्या जागेत नवीन सुरू करा. त्याने पिसं साफ करायला घेतली? तिसरी जागा. प्राण्यांच्या बसण्या-उभं राहण्याच्या तऱ्हा मोजक्या असतात आणि ते त्याच तऱ्हांवर परत परत येतात. दोन मिनिटांत तो पहिल्या पवित्र्यात येईल, तेव्हा पहिल्या चित्राकडे जा आणि पंखाची कड घाला. वीस मिनिटांनी पानावर एक पूर्ण पारवा नसेल कदाचित, पण पारवा कसा वागतो ते असेल. घुबडवाल्या मैत्रिणीने हेच केलं. पहिल्या दिवशी अकरा पारवे, एकालाही डोळा नाही. त्यानंतर तिची वही सात महिने थांबलेली नाही.

आणखी एक व्यायाम करून बघा. दहा सेकंद नुसतं बघा, डोळे मिटा, मनात आकार धरा, मग प्राण्याकडे न बघता काढा. दोन-तीन आठवड्यांत हा साठा वाढतो आणि उडून गेलेला पक्षीही थोडा वेळ तुमच्याकडे राहतो.

५. फोटोंवर किती टेकलाय?

फोटो वाईट नाहीत. खवल्यांची रचना, खुराची फट, पिसांचे थर समजून घ्यायला ते हवेतच. अडचण तेव्हा होते जेव्हा वहीत फक्त फोटोच असतात. फोटोत निवड आधीच कोणीतरी केलेली असते: क्षण, कोन, काय धूसर ठेवायचं ते. तुमच्या डोळ्याला कामच उरत नाही, आणि काम नसलेला डोळा कंटाळतो.

समोर प्राणी नसताना काढलेलं चित्र किती दूर जाऊ शकतं याचं उदाहरण १५१५ सालचं आहे. भारतातून एक गेंडा जहाजाने पोर्तुगालमधल्या लिस्बनला पोचला. नामवंत जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधी पाहिला नाही. पत्रातलं वर्णन आणि कोणाचं तरी एक रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं. चित्र जबरदस्त आहे, पण गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत आणि खांद्याजवळ एक जादा शिंग. युरोपात पुढे कितीतरी वर्षं लोक तोच गेंडा उतरवत राहिले. एवढा मोठा हात असूनही जे पाहिलं नाही ते चुकलं. त्याच्या शेजारी डच चित्रकार रेम्ब्रांटचा १६३७ सालचा हत्ती ठेवून बघा: काळ्या खडूच्या मोकळ्या रेघा, कातडीच्या सुरकुत्या, आणि वजन. समोर बघून काढलेलं कळतं.

घराबाहेर पडताच येत नसेल तर व्हिडिओ लावा, पण मध्ये थांबवायचा नाही. चालत्या व्हिडिओवर तीस-तीस सेकंदांची स्केचेस करा. बाहेरच्या कामाची ती तालीम होते.

६. पाय कुठे लपवताय?

आता अवघड भाग. मागची वीस स्केचेस बघा. किती प्राणी गवतात, पाण्यात किंवा पानाच्या कडेपाशी कापलेले आहेत? माझ्या एका वहीत वीसपैकी चौदा होते. पाय येत नव्हते, म्हणून मी गवत काढत होते. जे येत नाही ते टाळत गेलं की काढण्यासारखं कमी कमी होत जातं, आणि शेवटी वही थांबते. याचं मूळ सांगाडा माहीत नसण्यात असतं.

पक्ष्याचा ‘गुडघा उलटा वळतो’ असं वाटतं, कारण दिसणारा तो सांधा गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला. घोट्याखालचा लांब काडीसारखा भाग हा पावलाचाच, आणि पक्षी चालतो बोटांवर. कुत्रा, मांजर हेही बोटांवर चालतात; हरणाचा सगळा भार खुरांवर म्हणजे बोटांच्या टोकांवर. मिटलेल्या पंखाचं पुढचं टोकदार वळण हे मनगट. हे एकदा डोळ्यांना कळलं की पाय आणि पंख जागेवर बसायला लागतात. बहुतेक पक्ष्यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं, पोपटाची मात्र दोन पुढे, दोन मागे. फांदी धरलेला पाय काढताना हा फरक लगेच जाणवतो.

दोन आठवडे फक्त पाय काढा. प्राणिशास्त्राच्या संग्रहात किंवा निसर्गविषयक संग्रहालयात सांगाडे असतात. एक दुपार तिथे काढा. पडलेलं पीस दिसलं तर जागेवरच काढा, उचलू नका. अनेक देशांत वन्य पक्ष्यांची पिसं बाळगायला कायद्याने बंदी आहे.

७. कोणासाठी काढताय?

प्रत्येक पानाचा फोटो काढून लोकांना दाखवत असाल तर एक महिना बंद करा. दाखवायचं म्हटलं की माणूस जमणारे प्राणी, जमणारे कोन निवडतो, आणि शिकणं थांबतं. महिन्याने पुन्हा दाखवावंसं वाटलं तर जरूर दाखवा. मला वाटलं नाही.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

प्राण्यासाठी आधी. तो खायचं थांबून तुमच्याकडेच बघतोय, सतत इशाऱ्याचे आवाज काढतोय, जागा बदलतोय, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा. घरट्याजवळ बसून स्केच करू नका, पालक परत यायला कचरतात. जमिनीवर पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं तर उचलायची घाई नको, उडायला शिकणारी पिल्लं अशी खाली असतात आणि आई-बाप आसपास असतात. जखम दिसत असेल तर वही ठेवा आणि वनविभाग किंवा वन्यजीव बचाव करणाऱ्यांना कळवा. स्वतः पाणी पाजणं, भरवणं हे नको.

हातासाठी. पेन्सिल सैल धरा, रेघ मनगटातून न काढता कोपर-खांद्यातून काढा, वीस मिनिटांनी हात मोकळा करा, वही तिरकी धरा म्हणजे मान वाकत नाही. एवढं करूनही दोन आठवड्यांत दुखणं कमी झालं नाही, किंवा अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतंय, मुंग्या येतात, रात्री जाग येते, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता असते. डॉक्टरांकडे जा. पट्टा बांधून चित्रं काढत राहू नका. मी तसं केलं आणि तीन आठवड्यांच्या दुखण्याचे पाच महिने झाले.

डोळ्यांसाठी. दूरचा पक्षी स्पष्ट पण वही धूसर, असं चाळिशीच्या आसपास व्हायला लागतं. नेत्रतपासणी करून घ्या, कित्येकांची ‘इच्छा गेली’ ती खरं तर चष्म्याअभावी. डोळ्यांपुढे अचानक प्रकाशाच्या रेघा, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मनासाठी. वहीच नव्हे, जेवण, माणसं, आवडती गाणी यांतलं कशातच दोन आठवडे मन लागत नसेल, झोप बिघडली असेल, तर हा वहीचा बिघाड नाही. वरच्या तपासण्यांनी तो सुटणार नाही. डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. वही थांबेल, तिला काही होत नाही.

आणि शिक्षक. वरचं सगळं तीन महिने मनापासून केलं, पानं भरतायत, पण प्रमाण दर वेळी त्याच जागी चुकतंय, डोकं मोठं किंवा पाय आखूड, तर ती चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही एवढाच अर्थ. रेखाटन शिकवणाऱ्या कोणाकडे तरी दोन-तीन बैठका घ्या. जाताना चांगली चित्रं निवडून नेऊ नका. सोडून दिलेली, खोडलेली, गवतात पाय लपवलेली पानं न्या, आणि त्यांच्यासमोर एक प्राणी पहिल्या रेघेपासून काढा. हात कुठे अडतो ते त्यांना तिथेच दिसेल.